उजेडाची वेळ, चहाची वेळ

निसर्गाचे फोटो काढणाऱ्या कुणालाही विचारा, चांगला उजेड कधी मिळतो? उत्तर एकच येईल. सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तास-दीड तास आणि मावळण्यापूर्वीचा तेवढाच वेळ. तेव्हा ऊन तिरपं असतं, मऊ असतं, पाण्यावर रंग उतरतो, पाखरं चरायला बाहेर आलेली असतात. मधल्या वेळी ऊन डोक्यावर येतं, सावल्या काळ्या पडतात आणि बगळ्याचा नुसता पांढरा डाग होतो.

आता घरातल्या कुणाही बाईला विचारा, दिवसातली सगळ्यात घाईची वेळ कोणती? सकाळी चहा, पाणी भरणं, आंघोळीची पाणी तापवणं, डबे, पोरांच्या वेण्या. संध्याकाळी परत चहा, दिवाबत्ती, भाजी निवडणं, कुकर. म्हणजे उजेडाची वेळ आणि चहाची वेळ एकच. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या कुठल्याही माहितीपुस्तकात हे लिहिलेलं नसतं. मला ते साठी गाठल्यावर कळलं.

आपल्या अंकात हा विषय काही जणींना हलका वाटेल हे मला ठाऊक आहे. पोटगी, जमिनीवर नाव, रोजगार हमीची थकलेली मजुरी, दारूचे गुत्ते हे सोडून पक्ष्यांचे फोटो? त्याबद्दल पुढे बोलते. आधी कॅमेऱ्याची गोष्ट.

माझं गाव तुमसर. बाहेरच्या लोकांना ते माहीत असतं तांदळाच्या बाजारासाठी, नाहीतर चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींमुळे. मुंबई-हावडा लाइनवर तुमसर रोड स्टेशन लागतं, तिथून तिरोडीकडे फाटा जातो. पण आमच्या तालुक्याचं खरं धन म्हणजे पाणी. एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला बावनथडी, सिहोऱ्याकडे चांदपूरचा मोठा तलाव, आणि गावोगाव बोड्या न् मालगुजारी तलाव. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नाही. कोहळी समाजाच्या लोकांनी काही शतकांपूर्वी हे तलाव बांधले, त्यांच्यावर धानाची बांधी पिकली. ज्या गावात बोडी आहे तिथे कमळ आहे, शिंगाडा आहे, आणि हिवाळ्यात बदकं आहेत.

मी सोळा-सतरा वर्षांची असताना मोठ्या भावाने आगफा क्लिक थ्री कॅमेरा आणला. काळा डबाच तो. एका रोलमध्ये बारा फोटो. भावाला हौस फार, पण सकाळी उठायची तयारी नाही. म्हणून एका रविवारी तो कॅमेरा मी उचलला आणि बहिणीला घेऊन बोडीच्या पाळीवर गेले. कमळाच्या पानावर चालणारा लांब बोटांचा पक्षी होता. एवढंसं त्याचं अंग, आणि पान बुडत नव्हतं. मी बारापैकी आठ फोटो त्याचेच काढले. क्लिक थ्रीने लांबचं काही दिसतच नाही हे मला कुठे ठाऊक! रोल धुऊन आला तेव्हा सगळीकडे नुसतं पाणी होतं, आणि मध्यभागी मोहरीएवढा ठिपका. स्टुडिओवाला भावाला म्हणाला, सगळा रोल वाया घालवला, एका फोटोत माणूस नाही. भाऊ रागावला नाही, हसला. पण कॅमेरा कपाटावर गेला, आणि पुढे साखरपुड्याला, बारशाला आणि मुलगी दाखवायच्या फोटोला खाली उतरला. त्यातल्या एका फोटोत साडी नेसून मीच बसलेली आहे. कॅमेऱ्याच्या मागून पुढे यायला मला दीड वर्ष लागलं आणि परत मागे जायला चाळीस.

नव्वदच्या दशकात आमच्या गटाने वर्गणी काढून एक हॉटशॉट घेतला. फोटो मीच काढायचे. मोर्चे, धरणं, मेळावे, आठ मार्चच्या फेऱ्या. आणि दुसरं एक काम होतं, ज्याबद्दल आपण फारसं बोललो नाही. मार खाऊन आलेल्या बाईच्या पाठीचे, दंडाचे फोटो. पोलीस तक्रार घ्यायला टाळाटाळ करायचे, दवाखान्यात नोंद नीट व्हायची नाही, म्हणून आपल्याकडे पुरावा असावा असा त्यामागे विचार होता. विचार बरोबरच होता. दोन-तीन ठिकाणी त्याचा उपयोगही झाला. पण त्या वर्षांत मी एकही फोटो असा काढला नाही जो नुसता बघावासा वाटला म्हणून काढला. रोल संपत आला की एखादी मैत्रीण म्हणायची, उरलेले दोन कशाला ठेवतेस, आमचा एक काढ. तेवढीच गंमत.

यातून मला एक गोष्ट दिसते ती अशी. बाईच्या हातात कॅमेरा आला तर त्याला कारण लागतं. घरात असेल तर कार्यप्रसंग हे कारण. चळवळीत असेल तर पुरावा हे कारण. बाई घराबाहेर पडते त्यालाही असंच कारण लागतं. पाणी, सरपण, दळण, बाजार, देऊळ, दवाखाना. मोर्चासुद्धा कारणच. हातात घागर नाही, पिशवी नाही, पोर नाही, अशी पंचावन्न-साठ वर्षांची बाई सकाळी सहाला तलावाच्या पाळीवर उभी दिसली की लोक थांबून विचारतात. मला पहिल्या महिन्यात किती जणांनी विचारलं याची गणतीच नाही. 'काही हरवलं का बाई?' हा त्यातला सगळ्यात प्रेमाचा प्रश्न. एकाने तर घरी येऊन सांगितलं की तुमच्या बाईची तब्येत ठीक आहे ना, तलावाकडे एकट्या जातात म्हणून. त्याच्या मनात काय आलं ते तुम्हाला समजलं असेल. आमच्याकडे बाई एकटी पाण्याकडे गेली तर दोनच अर्थ निघतात, पाणी भरायला किंवा जीव द्यायला.

शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर आलेल्या पैशातून मी जुना, वापरलेला, पण लांबचं जवळ ओढणारा कॅमेरा घेतला. नवरा म्हणाला, तेवढ्यात घराला रंग झाला असता. झाला असता हे खरं आहे. रंग अजून झालेला नाही.

आणि मग त्याच बोडीवर गेले. बोडी अर्धी उरली आहे. एका बाजूला बेशरम माजलेली, दुसरीकडे मुरूम टाकलेला. पण कमळपक्षी होता. चाळीस वर्षांपूर्वीचा ठिपका पहिल्यांदा डोळ्याला डोळा देऊन बघत होता. त्याच्याविषयी वाचत गेले तेव्हा कळलं की कमळपक्ष्यांमध्ये अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे काम नराचं. मादी आकाराने मोठी. ती अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. बापाला पिल्लं हलवायची असली तर तो त्यांना पंखाखाली घेऊन चालतो, तेव्हा त्याच्या अंगाखालून पिल्लांचे नुसते पाय लोंबताना दिसतात. आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा जो हशा झाला! एक जण म्हणाली, हे पाखरू आपल्या पुढच्या पोस्टरवर घ्या. मला मात्र ते बरोबर वाटत नाही. पाखरांकडून आपण आपल्या बाजूचे दाखले घ्यायला लागलो की उद्या कुणी कोंबडीचे दाखले आणून आपल्यासमोर टाकील. पक्षी पक्ष्यासारखा वागतो. त्याला आपल्या भांडणात ओढू नये.

आता ते हलकेपणाचं.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आमचं एक तीन दिवसांचं निवासी शिबिर होतं, जंगलाला लागून असलेल्या गावात. दुसऱ्या दिवशी रात्री कॉलेजात शिकणारी एक मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, ताई, उद्या पहाटे आम्ही पाच-सहा जणी तळ्याकडे जाऊन येऊ का, पक्षी बघायला? आठच्या सत्राला परत येतो. मी शिबिराची व्यवस्था बघत होते. मी तिला सांगितलं, आपण इथे सहलीला आलेलो नाही, गावातल्या बाया मजुरी बुडवून आल्यात. मुलगी 'बरं ताई' म्हणाली आणि गेली. मला तेव्हा फार योग्य बोलल्यासारखं वाटलं होतं. आज मी ते वाक्य परत घेते. ती मुलगी कुठे आहे मला माहीत नाही.

कारण मजुरी बुडवून आलेल्या बायांच्या नावाने मी तिला गप्प केलं, आणि त्या बायांना काय हवं होतं हे मी त्यांना विचारलं नव्हतं. त्यांनाही तळ्याकडे जायचं असेल. सरपण न आणता, घागर न भरता. हा प्रश्नच आपल्या डोक्यात येत नाही. गरीब बाईला भाकरी हवी, न्याय हवा, दवाखाना हवा, हे आपण मोठ्याने म्हणतो. तिला रिकामा वेळ हवा असं आपण क्वचित म्हणतो. ते म्हटलं की आपल्याला आपणच चैनीखोर वाटायला लागतो.

आकडे हवे असतील तर केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत आहेत. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्यांमध्ये बाईची रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषाची ८८. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनी नऊ मिनिटं काढून घेतली. आणि ही नुसती बेरीज झाली. ती मिनिटं दिवसातल्या कोणत्या वेळी पडतात, हा माझा मुद्दा आहे. दुपारी दोन ते चार बाईला जरा टेकायला मिळतं हे खरं. पण दुपारी दोनला ना उजेड असतो ना पाखरू. जी वेळ कुणालाच नको ती बाईच्या वाट्याला येते. सकाळची थंड हवा, संध्याकाळची पार, चौकातली टपरी, या वेळा पुरुषांच्या. आमच्याकडे सकाळी फिरायला जाणाऱ्या पुरुषांचे गट आहेत, ते परतून येतात तेव्हा चहा तयार असतो.

छायाचित्रणाचा इतिहास वाचला तर यातलं बरंच स्पष्ट होतं. ज्यात फोटोच्या तंत्राने चित्रं छापली गेली असं जगातलं पहिलं पुस्तक निसर्गाचं आहे, आणि ते एका बाईने केलेलं आहे. इंग्लंडमधल्या अॅना अॅटकिन्सने समुद्रातल्या शेवाळ्यांचे निळे ठसे १८४३ साली काढायला सुरुवात केली. कॅमेरा नव्हताच. औषध लावलेल्या कागदावर शेवाळ ठेवायचं आणि उन्हात धरायचं. तेव्हा ती ४४ वर्षांची होती. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही आपल्या कलकत्त्यात जन्मलेली. १८६३ साली मुलीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला तेव्हा ती ४८ वर्षांची होती, पोरं मोठी झालेली. तिने झाडं-पानं नाही, माणसांचे चेहरे काढले, आणि त्यात तिचं नाव मोठं झालं. या दोघींकडे नोकरचाकर होते, सवड विकत घेता येत होती, हे विसरू नये. पण वय झालं म्हणून हात थरथरतो, आता काय शिकायचं, असं जे आपल्याला सांगितलं जातं त्याला उत्तर म्हणून ही दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

आपल्याकडची होमाई व्यारावाला यांची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण ती उलट्या दिशेने जाते. जन्म १९१३ चा, नवसारीचा, शिक्षण मुंबईत. देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले गेले. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्या दिल्लीच्या राजकारण्यांच्या गर्दीत फिरल्या. १९६९ साली नवरा गेला आणि १९७० मध्ये त्यांनी हे काम सोडलं. पन्नाशी ओलांडलेली होती. पुढे त्या २०१२ पर्यंत जगल्या, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, पण व्यवसायात परत आल्या नाहीत. सोडण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. आपल्यातल्या बहुतेकींनी सोडलं ते निर्णय म्हणून नव्हे. सुटलं. कधी सुटलं ती तारीखही सांगता येत नाही. गाणं, पेटी, चित्रं, पोहणं, सायकल. कुणाचं काय, कुणाचं काय. आपल्या पुढच्या बैठकीत नुसतं विचारून बघा, तुझं काय सुटलं? मी आमच्या गटात विचारलं तेव्हा दोन तास कुणी उठलं नाही.

आता यातली अडचणीची बाजू, जी टाळली तर हा लेख खोटा होईल.

चैत्रात मोह पडतो. फुलं रात्रीतून आणि पहाटे गळतात, म्हणून वेचायला बाया अंधारातच निघतात. मी फोटोसाठी गेले होते त्या पहाटे एका मोहाखाली माझ्याच वयाची एक बाई वेचत होती. पिवळट फुलांचा सडा, तिरपा उजेड, वाकलेली पाठ, शेजारी टोपली. फोटो म्हणून याहून चांगलं काही मिळणं अवघड. मी कॅमेरा वर केला. ती न वळताच म्हणाली, "कायचा फोटो काढून राहिलीस वो बाई?" मी चटकन म्हटलं, पक्ष्याचा. ती म्हणाली, "आन् तो पक्षी का देते तुले?"

मला उत्तर देता आलं नाही. मी खाली बसले आणि तिच्याबरोबर वेचायला लागले. माझी ओंजळ भरेपर्यंत तिची टोपली भरली होती. मग तिने कॅमेरा बघायला मागितला. मी तिच्या गळ्यात अडकवला, कुठे दाबायचं ते दाखवलं. तिने झाडाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. ती जमिनीवर पार कोपर टेकून बसली आणि गळून पडलेल्या एका फुलाचा फोटो काढला, मुंगी त्यात शिरत होती तेव्हाचा. तो फोटो माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा बरा आहे. तिने त्या मोहाखाली किती पहाटा घालवल्या असतील! तिला काय बघायचं ते माहीत होतं. मला झाड दिसत होतं, तिला फूल दिसत होतं. कमतरता होती ती एवढीच की रोज तिचे दोन्ही हात गुंतलेले असतात.

तो तिच्या वाकलेल्या पाठीचा फोटो मी काढला नाही. पुढेही काढणार नाही, निदान विचारल्याशिवाय नाही. मासिकांतून, कॅलेंडरांवर अशा पाठी भरपूर छापून येतात, रोवणीच्या, मोहाच्या, तेंदूपत्त्याच्या. त्यांना निसर्गचित्र म्हणतात. बाई त्यात निसर्गाचा भाग होऊन जाते, जशी बकरी किंवा झाड. आपण स्त्रियांनी कॅमेरा हातात घेतला आणि तसलेच फोटो काढले तर काय मिळवलं?

जंगलाचं दुसरं एक सत्य आहे. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. ज्या वाघाचा फोटो मिळावा म्हणून माणसं मोठाल्या लेन्स घेऊन, जिप्सी करून, पैसे भरून जंगलात जातात, त्याच वाघाच्या वाटेवर बाई पायी जाते, कारण पुडे बांधले तर हातात रोकड येते. जिप्सीतला माणूस वन्यजीवप्रेमी ठरतो आणि पायी जाणारी बाई 'मानव-वन्यजीव संघर्ष' या सदरात जाते. मोहाखालचा पाला जाळू नका म्हणून तिला फलकांवरून समज दिली जाते. आग लागते हे खरंच आहे, ते थांबलंही पाहिजे, पण तिच्या हातात जाळी नाहीतर जुनी साडी पसरण्याची सोय करून देणाऱ्यांपेक्षा फलक लावणारे जास्त आहेत. म्हणून मी सरळ सांगते, वाघाच्या फोटोची मला ओढ नाही. नागझिऱ्याला दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा जिप्सीत मी एकटी बाई, आणि माकड दिसलं की बाकीचे म्हणायचे, चला पुढे. माकडाची पोरगी आईच्या शेपटीला धरून झोके घेत होती, ती बघायची राहून गेली.

त्यापेक्षा तलाव बरे. तिथे बाईला काही दाखवून द्यावं लागत नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूला धीवर समाजाच्या बायांनी तलावांतली बेशरम उपटून काढली आणि त्या जागी इथल्याच पाणवनस्पती लावल्या, की मासोळीला खायला आणि लपायला जागा मिळावी. कोणतं गवत कुठे उगवतं, कोणत्या मासोळीला कोणतं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. मासोळी परत आली तशी पाखरंही येतात. या बायांच्या हातात कॅमेरा असता तर? मी ही काव्यात्म कल्पना म्हणून लिहीत नाही. आज गटागटात दोन-चार जणींकडे तरी बरा फोन असतो. बोडीत मुरूम कधी पडला, कमळ कधी गेलं, हिवाळी बदकं कोणत्या आठवड्यात आली, याचा तारखेनिशी फोटो ठेवला तर ग्रामसभेत उभं राहून बोलायला ते उपयोगी पडेल.

बघा, मीही परत उपयोगाकडेच आले! सवय जात नाही.

तर मी मागणी काय करते? गटाने एक बरा कॅमेरा सामाईक घ्यावा, जसं आपण एकेकाळी हॉटशॉट घेतला, जशी आपली पुस्तकांची पेटी फिरते. शिबिराच्या वेळापत्रकात पहाटेचे दोन तास मोकळे ठेवावेत, कशासाठी ते लिहू नये. त्या वेळी स्वयंपाकाला पुरुष कार्यकर्त्यांनी उभं राहावं. आणि स्पर्धा, बक्षीस, प्रदर्शनाचं उद्घाटन यातलं काही सुरुवातीला नको. आम्ही एकदा नगरातल्या हॉलमध्ये फोटो लावले, तर पाहुण्यांच्या सत्कारातच दुपार गेली आणि फोटोंकडे पाठ करून सगळे नाश्त्याला गेले.

घरातला प्रश्न याहून अवघड आहे. मी सकाळी साडेपाचला बाहेर पडायला लागले तेव्हा पहिले तीन-चार महिने घरात कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, घर सुधारलं. मग एक दिवस लक्षात आलं की चहा, पाणी, नातवाचा डबा सगळं सून करते आहे, पूर्वी निम्मं मी करायचे ते धरून. ती तालुक्यातल्या पतसंस्थेत नोकरी करते, साडेनऊला निघते. माझी मोकळी सकाळ तिच्या सकाळीतून कापून आलेली होती. आणि मी तलावाच्या पाळीवर बसून स्त्रियांच्या रिकाम्या वेळाचा विचार करत होते! ज्या घरात सून नाही तिथे भांडीवाली असते, तिला अर्धा तास लवकर बोलावलं जातं. म्हातारपणी छंद जोपासा असं सांगणारे लेख वर्तमानपत्रांत येतात, त्यांत हे कधीच नसतं. छंद जोपासणाऱ्या बाईचा चहा कोण करतं, तेवढं विचारलं तर निम्मे लेख छापता येणार नाहीत.

मी सुनेला विचारलं तेव्हा ती म्हणाली, आई, जाऊ द्या ना, तुम्ही इतकी वर्षं केलंच की. हे वाक्य ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हेच वाक्य तिच्या सुनेला ऐकवलं जाईल.

मग घरात बसून भांडलो. शब्द तोच वापरते, चर्चा वगैरे नव्हती ती. नवऱ्याचं म्हणणं, मला गॅस पेटवायची भीती वाटते. पस्तीस वर्षं बिडी पेटवताना वाटली नाही. मुलाचं म्हणणं, एवढं काय, बाहेरून चहा आणू. शेवटी ठरलं की मंगळवार आणि शनिवारची सकाळ नवऱ्याची, रविवारची मुलाची, चहापासून नातवाच्या दुधापर्यंत. उरलेल्या दिवशी मी आणि सून आलटून पालटून. म्हणजे आता मी आठवड्यात सहा दिवस जात नाही, तीन-चार दिवस जाते. माझे फोटो कमी झाले. सून रविवारी माझ्याबरोबर येते असं लिहायला मला आवडलं असतं, पण ती येत नाही. ती रविवारी आठपर्यंत झोपते. तिला तेच हवं होतं.

माझ्याबरोबर शेजारची एक विधवा मैत्रीण येते, दुर्बीण तिच्याकडे, कॅमेरा माझ्याकडे. एकटीने लांब जायचं नाही हे आम्ही ठरवलंय, कुत्र्यांमुळेही आणि माणसांमुळेही. परवाच्या रविवारी पाळीच्या टोकाला गवतात आडवी पडून मी अडई बदकांचा थवा पाण्यावर उतरायची वाट बघत होते. वीस-पंचवीस होती. ऊन नुकतंच पाण्याला लागलं होतं. थवा वळला, पाय पुढे काढले, आणि माझा फोन वाजला. मुलगा होता. साखर कुठे ठेवली आहे, विचारत होता. बदकं पलीकडच्या बोडीकडे निघून गेली. मी त्याला सांगितलं, फळीवर, डाव्या हाताला, झाकणावर 'साखर' लिहिलेलं आहे.

आता रविवारी फोन मैत्रिणीच्या पिशवीत असतो, आवाज बंद करून.